लुंगी सापडल्यास कळवावे

४ जानेवारी, शनिवार

ही वही सुकन्याने आणून दिली. म्हणाली, "काळजी वाटली की यात लिहायचं. मला स्वयंपाकघरात येऊन सांगायचं नाही."

मी विचारले, "सगळ्या काळज्या लिहू?"

"जाड वही बघूनच घेतलीय."

तर सुरुवात आनंदाच्या गोष्टीने. साताऱ्याच्या संस्थेतून कळले की कलेक्टरांचा आदेश झाला. अन्वी आता कायद्याने आमची मुलगी आहे. आठ महिन्यांची. पासपोर्ट, व्हिसा व्हायला वेळ लागेल, म्हणून मार्चच्या सुरुवातीला हॅनोव्हरहून आम्ही दोघे निघणार आणि तिघे परत येणार. "तिघे" हा शब्द मी दोनदा गिरवला.

मी बारावी पूर्ण केलेली नाही. पुण्यात खाणावळीत पोळ्या लाटत होतो, तिथे सुकन्या जेवायला यायची. ती इंजिनिअर झाली, इथे तिला गिअरबॉक्सच्या कंपनीत नोकरी लागली, आणि मी बेकरीत पहाटेच्या पाळीला पाव करतो. अन्वी मोठी होऊन कधी ही वही वाचेल. तेव्हा बापाची निदान एक वेलांटी चुकलेली सापडू नये, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवला आहे.

५ जानेवारी, रविवार

बॅग भरायला घेतली. सुकन्या म्हणाली, "अरे, दोन महिने आहेत." म्हणूनच आज घेतली.

बारा दुपटी, सेंद्रिय कापसाची. झबली. तीन थर्मामीटर: एक कपाळाचा, एक कानाचा, आणि एक ते दोघे खरे बोलतात की नाही हे पाहायला. बिनवासाचा साबण. बिनवासाची पावडर. लहान मुलांच्या नाकाला कसलाही वास सोसत नाही असे मी वाचले आहे.

इतक्यात पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी बॅगेवर बसलो.

"गौरांगराव, काही आणून ठेवलं नाहीत ना? बाळ घरात येण्याआधी काही आणायचं नसतं हो. पाळणासुद्धा शेजारचा मागून आणायचा. आणि पहिलं कापड नवीन घालायचं नाही. कोणाचं तरी वापरलेलं, मऊ झालेलं हवं. नव्याला माणसाचा वास नसतो."

मी "हो आई" म्हणालो. खाली बॅगेतले रबरी बदक चेपले गेले आणि ओरडले.

"काय वाजलं?"

"खुर्ची, आई."

इथल्या संस्थेच्या लिंडनरबाई म्हणतात तयारी चार महिने आधी झालेली हवी. सासूबाई म्हणतात आधी काहीच नको. दोघींचा मान राहावा म्हणून मी बॅग भरली आणि तिच्यावर "पडदे" अशी चिठ्ठी लावली.

११ जानेवारी, शनिवार

शनिवारी संस्थेतल्या नंदाताई आम्हाला फोनवर अन्वी दाखवतात. आज अन्वीने सुकन्याला पाहून पाय नाचवले. मग सुकन्याने फोन माझ्याकडे वळवला. अन्वीचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिने असे भोकाड पसरले की आमच्या टेबलावरचा चमचा हलला.

नंदाताई म्हणाल्या, "दादा, मनावर घेऊ नका हो. इथे सगळ्या आम्ही बायकाच. पुरुष म्हणजे एक वॉचमन, त्यालाही बघून ती असंच करते. दूधवाल्याला तर आम्ही आतच येऊ देत नाही."

मला वॉचमनबद्दल फार आपुलकी वाटली.

मी मिशी काढू का, असे विचारले. नंदाताई म्हणाल्या, वॉचमनला मिशी नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "सुकन्याताई, तेवढं कापडाचं लक्षात ठेवा. दोघांचं हं." मी लगेच सांगितले की कापडाची काळजी नको, बारा दुपटी घेतली आहेत आणि सगळी दोनदा धुऊन झाली आहेत. त्या दोघी हसल्या. दोनदा कमी होत असेल. आज तिसऱ्यांदा धुतली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या. अर्ध्या बेकरीत नेल्या.

कपाटात सुकन्याच्या खणात, झिपच्या प्लास्टिक पिशवीत, माझे एक वापरलेले बनियन सापडले. कामावरून आल्यावर काढलेले, न धुतलेले. वर हवाबंद! आतून आंबट पिठाचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. सुकन्याच्या डोक्यावर कामाचा किती ताण आहे हे यावरून कळते. मी ते साठ अंशांवर धुतले, इस्त्री केली, घडी घालून त्याच पिशवीत परत ठेवले. न सांगता.

संध्याकाळी तिने पिशवी उघडली, बनियनाला नाक लावले आणि पलंगावर बसली.

"तू हे धुतलंस?"

"इस्त्रीही केली," मी म्हणालो.

तिने बनियन माझ्या हातात दिले. मग म्हणाली, "गौरांग, तुझी ती लुंगी नेस ना रोज घरी आल्यावर. निळ्या चौकड्यांची. छान दिसतोस."

सात वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणाली. याआधी ती म्हणायची की दारावर पार्सलवाला आला तर मी पडद्यामागे जावे.

१७ जानेवारी, शुक्रवार

लिंडनरबाई घर पाहायला आल्या. मी खिडक्यांची कुलुपे, टेबलाच्या कोपऱ्यांना लावलेले रबर, शेगडीची जाळी सगळे दाखवले. त्या "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत होत्या. मी शिक्षणाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून ठेवले होते. तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

त्यांनी विचारले, "हेर खामकर, ती तुम्हाला बघून रडली तर काय कराल?"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हते. मी म्हणालो, "मी दुसऱ्या खोलीत जाईन. म्हणजे तिला त्रास होणार नाही."

त्यांनी पेन खाली ठेवले. सुकन्या मराठीत म्हणाली, "आणि तिथेच राहशील का? मी दाराखालून पोळ्या सरकवत जाऊ?"

आता मी हे वहीत लिहितो, कारण दुसरीकडे कुठे सांगता येत नाही. बाकी सगळ्याला उपाय आहे. तापाला थर्मामीटर आहे, कोपऱ्याला रबर आहे. पण तिने मला घेतलेच नाही तर? आदेशात लिहिले आहे की आम्ही तिला स्वीकारले. तिने मला स्वीकारावे असे कोणी कुठे लिहिलेले नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

लुंगी गेली.

गेले नऊ दिवस रोज नेसत होतो. सुकन्या धुवू देत नव्हती, म्हणे थंडीत सारखे पाण्यात हात कशाला. काल मी हट्टाने कपड्यांच्या टोपलीत टाकली. टोपली सुकन्याने खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या धुण्याच्या खोलीत, नेली. मी मशीन लावायला गेलो तेव्हा टोपलीत सगळे होते, लुंगी नव्हती. मशीनच्या मागे पाहिले. ड्रममध्ये डोके घालून पाहिले.

सुकन्याला सांगितले. ती म्हणाली, "अरेरे." आणि भाजी चिरत राहिली.

ती लुंगी बाबांनी मी पुण्याला निघालो तेव्हा दिली होती. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झाली होती. दुसरी तशी मिळणार नाही.

केलरच्या फलकावर चिठ्ठी लावली. जर्मनमध्ये लुंगीला शब्द नाही, म्हणून असे लिहिले: "निळ्या चौकड्यांचे सुती कापड, दोन मीटर, या खोलीतून नाहीसे झाले आहे. मालकाला अतिशय प्रिय. सापडल्यास कळवावे. खामकर, तिसरा मजला."

२६ जानेवारी, रविवार

चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी आली आहे. तळमजल्यावरच्या फ्राऊ ब्रांडेस यांची. "या घरात मी बेचाळीस वर्षे राहते. येथे काहीही नाहीसे होत नाही. ब्रांडेस."

त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या विद्यार्थ्यांनी लिहिले आहे, "आमचे मोजे होतात."

त्याखाली पुन्हा फ्राऊ ब्रांडेस: "ते तुम्हीच हरवता."

आज दारावर तीन जण येऊन गेले. प्रत्येकाच्या हातात टेबलक्लॉथ. एकावर सॉसचा डाग होता. प्रत्येकाला सांगावे लागले की हे माझे नाही, माझे मी कमरेला नेसतो. यानंतर चौथा कोणी आला नाही.

संध्याकाळी स्नेहलता काकू आल्या. काकू चाळीस वर्षांपूर्वी लग्न करून इथे आल्या, डीटर काका इथलेच, त्यामुळे काकूंच्या मराठीत जर्मन शब्द मिसळतात. उद्या त्या भाचीच्या लग्नाला पुण्याला जाणार आहेत.

"आल्झो गौरांग, तुझ्या त्या चिठ्ठीची कीर्ती आमच्या गल्लीपर्यंत आलीय बरं का. डीटर विचारत होता, पोलिसांत दिलंस का?"

"द्यावं का?"

"जा, जा, दे की. फोटो आहे ना? नेसलेला?"

सुकन्या हसता हसता खोकायला लागली. जाताना तिने काकूंना एक पिशवी दिली. आईसाठी कॉफी आहे म्हणाली. मी सहज म्हणालो, आणा, काट्यावर ठेवून बघतो, विमानात वजनाचे कडक असते. दोघी एकदम म्हणाल्या, "नको!"

पिशवी कॉफीच्या मानाने फारच मऊ होती. इथे बारीक दळतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज अन्वी मला पाहून लगेच रडली नाही. आधी बराच वेळ निरखून पाहिले, मग रडली. मला यात प्रगती वाटते. विचार करून रडली.

तिच्यामागे पाळण्याच्या कठड्यावर काहीतरी निळे लोंबत होते. चित्र तुटक येत होते. मी नंदाताईंना कळवले की पाळण्यावर सैल कापड ठेवू नये, पुस्तकात मनाई आहे. त्या म्हणाल्या, "दादा, झोपली की आम्ही बाजूला ठेवतो हो. पण त्याशिवाय ती झोपत नाही, आम्ही तरी काय करणार?"

कोणाचे तरी कापड असेल. मुलांना कशाचाही लळा लागतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फ्राऊ ब्रांडेस यांनी तपास सोडलेला नाही. पोस्टमनला विचारले, धुराडी साफ करणाऱ्याला विचारले. विद्यार्थ्यांच्या खोलीचे पडदे निळे असल्याचे त्यांच्या लक्षात आले आहे, आणि त्या मुलांना आता जिन्यात भेटायची भीती वाटते.

आज त्या स्वतः वर आल्या. वय पंच्याहत्तर, तीन मजले चढून. हातात कागदात गुंडाळलेले काहीतरी. म्हणाल्या, "हेर खामकर, बेचाळीस वर्षांत या घरात पहिली चोरी झाली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत. मला ते सहन होत नाही. हा माझ्या आईचा टेबलक्लॉथ आहे. निळ्या चौकड्यांचा. तुम्ही हा घ्या." मग म्हणाल्या, "कमरेलाच नेसायचा असेल तर घरात नेसा."

मी खूप नाही म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. चौकडीच्या कडेला हाताने घातलेली शिवण आहे.

सुकन्याला दाखवला. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "अरे देवा. ही गोष्ट फार पुढे गेली." मग म्हणाली, "गौरांग, तुला एक सांगू?" आणि मी विचारले, काय, तर म्हणाली, "नको. मार्चमध्ये सांगते."

ती मला काय सांगणार आहे? दिवसभर पाव करपवले.

२ मार्च, रविवार

उद्या निघायचे. "पडदे" बॅग तेवीस किलो भरली. दुसऱ्या बॅगेत माझे नवे पांढरे शर्ट, धुऊन, इस्त्री करून. भेटायच्या दिवशी अंगाला कसलाही वास नको.

सुकन्याने बॅगांकडे ढुंकून पाहिले नाही. मी शेवटी विचारले, "तुला आनंद झालाय ना?"

"असं का विचारतोस?"

"तू एकही झबलं हातात घेतलं नाहीस."

ती जमिनीवर माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "मी इथे घेऊन काय करू? मला ती त्या झबल्यात असतानाच हातात घ्यायचीय. आधी घेतलं तर मी रडेन आणि मग तू माझा ताप बघशील."

खरे आहे. तोपर्यंत कानाचा थर्मामीटर माझ्या हातात आला होता.

५ मार्च, बुधवार. पुणे

आम्ही आलो. बॅगा आल्या नाहीत.

मुंबईत पट्टा रिकामा फिरून थांबला. खिडकीवरची बाई म्हणाली, शनिवारपर्यंत येतील. भेट शुक्रवारी आहे. बारा दुपटी, तीन थर्मामीटर, बदक, बिनवासाचे सगळे, कुठल्या तरी विमानतळावर "पडदे" म्हणून पडले आहे. माझ्याकडे अंगावरचा शर्ट, खांद्यावरच्या पिशवीत ही वही आणि फ्राऊ ब्रांडेस यांचा टेबलक्लॉथ. तो मी बॅगेत टाकला नव्हता. हरवला असता तर त्यांना काय तोंड दाखवले असते?

सासूबाई दारातच म्हणाल्या, "बरं झालं. मी म्हटलंच होतं आधी काही आणू नका."

मी म्हणालो, उद्या बाजारातून नवा शर्ट आणतो. सुकन्या म्हणाली, "हाच घालायचा."

"यात मी दोन दिवस आहे!"

"म्हणूनच. आंघोळ कर, पण शर्ट हाच. आणि डोक्याला खोबरेल लाव."

सासूबाई म्हणाल्या, "ती म्हणते तसं करा, गौरांगराव. साबण बेतानं वापरा." मायलेकी एक झाल्या की माझे चालत नाही. पण शुक्रवारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या भेटीला मी विमानाच्या सीटसारखा वास घेऊन जाणार आहे.

७ मार्च, शुक्रवार. पुणे

सावकाश लिहितो, काही सुटायला नको.

साताऱ्याला संस्थेच्या गेटवर वॉचमनने मला सलाम केला. त्याला मिशी नव्हती, हे खरे. तो म्हणाला, "पोरगी लय रडते, साहेब. घाबरू नका." मी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नंदाताईंनी खोलीत सतरंजी टाकली होती. अन्वीला आणून मधोमध बसवले. फोनवर वाटते त्यापेक्षा ती खूप लहान आहे आणि डोळे खूप मोठे. सुकन्या समोर बसली. अन्वीने तिचे नाक धरले. सुकन्या रडू लागली, पण मी ताप पाहिला नाही. पाहायला काही नव्हतेही.

मग अन्वीने मान वळवली आणि मला पाहिले. ओठ बाहेर आला. थरथरला. भोकाड.

मी उठलो. दुसरी खोली कुठे आहे ते मी येतानाच पाहून ठेवले होते.

"बस," सुकन्या म्हणाली.

"तिला त्रास होतोय."

"गौरांग, खाली बस."

मी दाराजवळ, सतरंजीच्या कडेला बसलो. अन्वी रडत रडत मागे वळली, तिच्यामागे निळ्या कापडाचा बोळा पडला होता तो दोन्ही हातांनी ओढला, आणि माझ्यापासून लपायला त्यात तोंड खुपसले.

ती माझी लुंगी होती.

बाबांनी दिलेली. एका टोकाला शेगडीवर भाजल्याचा लहान डाग आहे, तो मी लगेच ओळखला. मी सुकन्याकडे पाहिले. ती डोळे पुसत म्हणाली, "नंदाताईंनी दोघांचं वापरलेलं कापड मागवलं होतं. वासाची सवय व्हावी म्हणून. माझी ओढणी कधीच पाठवली होती. तुझं बनियन ठेवलं तर तू ते साठ अंशांवर धुतलंस."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू लुंगीला स्टार्च करून पाठवली असतीस."

 मी खरेच केली असती.

लुंगी दोन मीटरची आहे. एक टोक अन्वीच्या तोंडावर होते, दुसरे तिच्या ओढाओढीत सुटून सतरंजीवरून माझ्या गुडघ्यापर्यंत आले होते. मी ते बोटाने नुसते धरले. तिला कळले. तिने एक डोळा बाहेर काढला. रडणे थांबले नव्हते, पण आवाज खाली आला. तिने लुंगी ओढली. मी जरा सोडली. तिने पुन्हा ओढली, आणि मी जरा धरली. ही माझी आहे, असे तिच्या डोळ्यांत स्पष्ट होते. मग ती माझ्या टोकाचा हिशोब करायला लुंगीवरून रांगत निघाली. वाटेत दोनदा बसली, दोनदा रडायचे आठवून रडली. नंदाताई श्वास रोखून उभ्या होत्या.

माझ्या गुडघ्याशी आल्यावर तिने माझी मूठ उघडायचा प्रयत्न केला. मी उघडली. लुंगी घेऊन ती परत जाणार, तेवढ्यात थांबली. पुढे वाकली. माझ्या शर्टाला नाक लावले. चार दिवसांचा शर्ट. मग लुंगीला नाक लावले. मग पुन्हा शर्टाला.

मी हललो नाही. श्वाससुद्धा घेतला नाही.

तिने माझ्या शर्टाचे दुसरे बटण तोंडात घातले आणि चावायला लागली. ते बटण धुतलेले नव्हते. मी चावू दिले.

८ मार्च, शनिवार. पुणे

काल संध्याकाळीच अन्वीला घेऊन पुण्याला परतलो. आज बॅगा आल्या. बारा दुपटी सासूबाईंनी पाहिली, म्हणाल्या, "पडदे छान आहेत." अन्वी त्यांतल्या एकावरही झोपत नाही. बदकाला घाबरते. दुपारी लुंगीत तोंड घालून झोपली. झोपली तशी मी लुंगी हळूच बाजूला घेतली आणि उशाशी फ्राऊ ब्रांडेस यांचा टेबलक्लॉथ घडी घालून ठेवला. उठून तिने तो हुंगला आणि ठेवून घेतला.

सासूबाईंनी विचारले, "गौरांगराव, ती लुंगी काळवंडलीय. साबणातून काढू का?"

मी म्हणालो, "अजिबात नाही." माझ्याच तोंडून हे ऐकून सुकन्याने पाणी सांडले.

स्नेहलता काकू परत हॅनोव्हरला पोचल्या आहेत. त्यांना फोन केला आणि फ्राऊ ब्रांडेस यांची माझ्या वतीने माफी मागायला सांगितली. मी आल्यावर तळमजल्यावर जाऊन स्वतः मागणारच आहे, अन्वीला घेऊन. विद्यार्थ्यांचीही. आणि केलरच्या फलकावरची माझी चिठ्ठी काढून दुसरी लावायला सांगितली. काकूंनी मजकूर लिहून घेतला, तो असा:

"निळ्या चौकड्यांचे कापड सापडले. घरातील कोणाचाही दोष नाही. चोर दहा महिन्यांची असून लवकरच तिसऱ्या मजल्यावर राहायला येत आहे. खामकर."